अक्रातले आमचे मिशनरी शेजारी

घानाला जायचं तर तिकिटाच्याही आधी पीतज्वराच्या लसीचं बघा. देशात शिरण्याच्या किमान १० दिवस आधी ती घेतलेली असावी लागते. लस घेतल्याचं पिवळं कार्ड घानाच्या राजधानीत, अक्राला, उतरल्यावर दाखवावं लागतं आणि परत येताना आपल्याकडेही. ते नसेल तर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. साठी ओलांडलेल्यांनी ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून आम्ही दोघं आधी आमच्या डॉक्टरांशी नीट बोललो, तुम्हीही बोला. मलेरियाच्या गोळ्या निघण्याआधी सुरू करायच्या आणि परतल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायच्या. घरी पोचलो, आता कशाला, असं म्हणून सोडू नका.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त अक्राला आहे. त्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अमेरिकेतल्या युटाहून आलेलं एक जोडपं राहतं, दोघंही सत्तरीच्या आसपासचे. दोघांच्याही छातीवर नावाची काळी पट्टी, नवऱ्याचा पांढरा शर्ट आणि टाय, बायकोचा घोळदार झगा. हे ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चे मिशनरी. आपण मॉर्मन म्हणतो, पण २०१८ पासून त्यांचं चर्च पूर्ण नावाचा आग्रह धरतं. समोरासमोर बोलताना तेवढं सांभाळावं. बाईंना आम्ही सिस्टर म्हणायचो आणि त्यांच्या यजमानांना एल्डर. तिथे सगळे तसंच म्हणतात.

पांढऱ्या शर्टातली तरुण पोरं जोडीजोडीने दारोदार फिरतात, हे ऐकून होते. मुलं-नातवंडं मागे ठेवून निवृत्त जोडपी परदेशी येऊन राहतात, हे मात्र मला नवीन होतं. सहा महिने, वर्ष, दीड वर्ष किंवा त्याहूनही जास्त, असा काळ ठरवून ती येतात. पगार नाही, उलट खर्च आपला आपण करायचा. आमच्या शेजाऱ्यांनी युटातलं घर भाड्याने दिलं होतं आणि त्या भाड्यात इथलं बरंचसं भागत होतं.

प्रवचनं देत फिरत असतील असं वाटलं होतं. प्रत्यक्षात त्यांचा दिवस म्हणजे एखाद्या मोठ्या वसतिगृहाच्या अधीक्षकाचा. तरुण मिशनऱ्यांची भाड्याची घरं बघायची, वीजमीटरमध्ये पैसे भरायचे, कुणाला ताप आला तर मलेरियाची तपासणी झाली का ते विचारायचं, हिशेब जुळवायचे. एक दिवस आम्हीही त्यांच्या पिकअपमधून गेलो. मागे गॅसचं सिलिंडर, मच्छरदाण्या, बल्ब, पाणी गाळायच्या कँडल्स आणि प्यायच्या पाण्याच्या पिशव्यांची पोती. तिकडे अर्ध्या लिटरच्या सीलबंद पिशवीतलं पाणी सर्रास पितात, एका पोत्यात अशा ३० पिशव्या. पहिल्याच घरी चार पोरं, दोन नायजेरियाची, एक सिएरा लिओनचा, एक अमेरिकन. सिस्टर थेट स्वयंपाकघरात. फ्रिज उघडून वास घेतला, गाळणीची कँडल काढून अंगठ्याने चाचपली, प्रत्येक पलंगावरची मच्छरदाणी उजेडात धरून भोकं शोधली. एकीला भोक सापडलं, ते तिथेच बसून शिवलं. शिवता शिवता त्या सिएरा लिओनच्या मुलाला विचारत होत्या, आईशी बोललास का या आठवड्यात? वीस वर्षांचं पोर, पण डोळे भरून आले त्याचे. आमचे हे वीज मंडळातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांनी तोवर इन्व्हर्टरची वायर बघायला घेतली होती. वीज जाणं अक्रात नेहमीचं, तेव्हा टॉर्च आणि पॉवर बँक घेऊनच जा.

धर्मप्रसाराबद्दल मी त्यांना स्पष्ट विचारलं. त्यांनीही स्पष्ट सांगितलं की आमची श्रद्धा तुम्हाला सांगायला आवडेल, ऐकायची की नाही ते तुम्ही ठरवा. आम्ही नको म्हटलं. त्यानंतर विषय निघाला नाही आणि जाणं-येणं तसूभरही कमी झालं नाही. दुसऱ्याच्या देशात जाऊन धर्म शिकवणं मला आजही पूर्ण पटत नाही. पण मच्छरदाणी शिवणारे हात मी जवळून पाहिलेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

घानातल्या या कामाची सुरुवातही वयस्कर जोडप्यांनीच केली. १९७८ च्या जूनपर्यंत या चर्चमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य मिळत नसे. ती बंदी उठल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रेंडेल आणि रेचल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन ही दोन जोडपी पश्चिम आफ्रिकेत आली, आधी नायजेरिया, मग घाना. घानाच्या किनाऱ्यावरच्या केप कोस्ट शहरात जोसेफ विल्यम बिली जॉन्सन हे १९६४ पासून कुणी पाठवलेलं नसताना स्वतःच हा धर्म शिकवत होते, मंडळ्या उभारून वाट बघत होते. चौदा वर्षं! सिस्टरनी ही हकीकत सांगितली तेव्हा आधीच्या बंदीबद्दलही आडपडदा ठेवला नाही. तो भाग त्यांना जड जातो, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पुढे १४ जून १९८९ ला घाना सरकारने या चर्चचं काम थांबवलं आणि नोव्हेंबर १९९० अखेर पुन्हा परवानगी दिली. तिथले जुने सभासद त्या दीड वर्षाबद्दल अजूनही बोलतात, घराघरांत बसून प्रार्थना केल्या म्हणून.

त्यांच्याच गटातलं दुसरं एक जोडपं वंशावळींच्या कामावर होतं. स्थानिक कार्यकर्ते गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांना पिढ्यांची नावं विचारतात, आवाज ध्वनिमुद्रित करतात, आणि हे दोघं ते कागद तपासून देतात. आम्ही नाशिकचे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही स्वतः पाहिलेली, त्यामुळे मला त्या कामाचं मोल कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तिथे वही नाही, सगळं एकेका म्हाताऱ्याच्या तोंडी. तो गेला की कुळाची दहा-बारा नावं त्याच्याबरोबर जातात.

असे शेजारी तुम्हाला लाभले आणि घरी बोलवायचं असेल, तर चहा-कॉफी पुढे करू नका. दारू-तंबाखू तर नाहीच. १८३३ पासूनचा त्यांचा नियम आहे आणि तो ते मनापासून पाळतात. पानांचा-मुळांचा काढा चालतो. मी गवती चहा आणि आलं उकळून, चहापत्ती न घालता द्यायचे, तो फार आवडला. कोकम सरबतही. महिन्याचा पहिला रविवार त्यांचा उपासाचा. दोन जेवणं सोडून त्यांचे पैसे गरजूंसाठी देतात. त्या दिवशी जेवायला बोलवू नका.

आपल्या जेवणाचं सांगायचं तर शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण विचारून खावं लागतं. पाम तेलातली चवळीची उसळ आणि तळलेली पिकी राजेळी केळी, याला रेड-रेड म्हणतात. आम्ही ते वारंवार खाल्लं. वाच्ये म्हणजे भात आणि चवळी एकत्र शिजवलेली. त्यावर वाढतात ती काळी शिटो चटणी दिसायला आपल्या लसणीच्या तिखटासारखी, पण तिच्यात सुकी मासळी असते. रेड-रेडच्या उसळीतही कधी मासळी घालतात, तेव्हा आधी विचाराच. पैसे किंवा वस्तू डाव्या हाताने देऊ नका. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, पण घाईत हात चुकतो.

रविवारच्या सभेला आम्ही एकदा गेलो. कुणालाही जाता येतं. मी सुती साडी नेसले होते, चालतं. दोन तासांचा कार्यक्रम, पाव आणि पाणी असा प्रसाद फिरतो. घ्यायचा नसेल तर तबक पुढे द्यावं, कुणाला राग येत नाही. पैशाची थाळी फिरत नाही. पगारी पाद्रीही नाही, सभासदच आळीपाळीने बोलतात. इंडिपेन्डन्स अव्हेन्यूवरचं मंदिर मात्र वेगळं. २००४ च्या जानेवारीत त्याचं समर्पण झालं आणि आत फक्त परवानगी असलेले सभासद जातात. आवारात फिरता येतं. संध्याकाळी जा, उन्हाने जीव नकोसा होत नाही.

नातवंडांची आठवण हा मात्र त्यांचा हळवा कोपरा. युटा अक्राच्या सहा-सात तास मागे, म्हणून रविवारी रात्री त्यांच्या घरातून व्हिडिओ कॉलचा गलका ऐकू यायचा. ते इथे आल्यानंतर जन्मलेली एक नात त्यांनी अजून मांडीवर घेतली नव्हती. सिस्टर म्हणाल्या, हे सोपं आहे असं कुणाला सांगू नका. म्हणून सांगत नाही.

केप कोस्टला त्यांच्याबरोबरच गेलो. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत, पण वाटेवरच्या कासोआतली वाहतुकीची कोंडी तास-तास खाते. पहाटे पाचला निघालात तरच सुटाल. किल्ल्यातल्या गुलामांच्या कोठड्या खोल आणि कोंदट आहेत, पायऱ्या झिजलेल्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी न्या आणि मार्गदर्शकासोबतच फिरा. गुलामांना जिथून जहाजाकडे नेत, त्या ‘परत न येण्याचं दार’ नावाच्या दरवाजापाशी एल्डर बराच वेळ टोपी काढून उभे होते. जवळच्या काकुम जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून सुमारे ३५० मीटरचा झुलता मार्ग आहे. हे आणि एल्डर पूर्ण चालून आले, आम्ही दोघी खाली बसलो. त्यांच्याबरोबर अशी सहल काढायची तर शनिवार धरा. रविवारी ते तिकीट काढत नाहीत, हॉटेलात जेवत नाहीत, आणि सोमवारपासून पुन्हा पोरांची कामं सुरू होतात.