डबक्यातली सिमेंटची माणसं

ब्रसेल्समध्ये चालताना खिडक्यांच्या कडा आणि गटारांच्या जाळ्या बघत चला. तिथे टकला, कोट घातलेला, वीतभर उंचीचा सिमेंटचा माणूस उभा असू शकतो. हे शिल्पकार इसाक कोर्दालचं काम. जन्म १९७४, स्पेनच्या गॅलिशियातलं पोन्तेवेद्रा. २०११ साली बर्लिनमध्ये त्याने असे कोटवाले डबक्यात बुडवले आणि 'हवामान बदलावर चर्चा करणारे नेते' म्हणून तो फोटो जगभर फिरला. हे नाव मात्र लोकांनीच दिलेलं. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या नांतच्या चौकात त्याने सुमारे २००० माणसं मांडली.

त्याच्या प्रकल्पाचं नाव 'सिमेंट एक्लिप्सेस', म्हणजे सिमेंटचं ग्रहण. जमीन झाकणाऱ्या मालातूनच ती झाकणारी माणसं घडवायची, ही निवड आम्हाला फार नेमकी वाटते.

असं ओतकाम घरीही जमतं. पेणच्या गणपती कारखान्यांत रबरी साचा असतो, तसा इथे सिलिकॉनचा. मातीच्या मूळ आकृतीवर सिलिकॉन ओतून साचा दिवसभर सुकू द्यायचा. एक भाग सिमेंटला दोन भाग चाळलेली बारीक वाळू. पाणी सिमेंटच्या वजनाच्या ४० ते ४५ टक्के. माल पातळ केला की ओतायला सोपा जातो, पण सुकताना आकसतो आणि मानेला भेग पडते. चेहऱ्याच्या भागात आधी ब्रशने पातळ सिमेंट लावा, नाहीतर नाकाच्या जागी बुडबुड्याचा खड्डा राहतो. मग साचा उलटा धरून पायांकडून माल भरा आणि दोन मिनिटं ठोकत राहा. पायांत पितळी तार घाला. लोखंडी तार गंजून फुगते आणि घोटा तडकतो. दोन दिवसांनी साचा सोडवा, मग आठवडाभर ओल्या फडक्यात ठेवा. घाई केली तर घोटे हमखास तुटतात.

डबकं जेमतेम तीन सेंटिमीटर खोल असतं, त्यात अख्खा माणूस बुडत नाही. म्हणून आधी डबकं मोजायचं आणि छातीपासून वरचाच भाग ओतायचा. ब्रसेल्ससारख्या गोठवणाऱ्या हिवाळ्यात मूर्ती पाण्यात ठेवू नये. छिद्रांत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि सिमेंटचे पापुद्रे सुटतात.

फोटो काढताना कॅमेरा जमिनीला टेकवा, मूर्तीच्या डोळ्यांच्या रेषेत. तेवढ्याने फूटपाथची कड कड्यासारखी उंच होते आणि डबक्याला पलीकडचा काठ उरत नाही.