जवसाचं तेल आणि कृष्णेचा गाळ

तक्रार एवढीच होती, की रायफलीचा दस्ता हलतोय.

सुभेदारसाहेब शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावचे. त्या पट्ट्यात घरटी एक फौजी. सैनिक टाकळीचं तर नावच सगळं सांगतं. विधानसभेच्या निवडणुकीला जमा केलेलं हत्यार ठाण्यातून परत मिळालं आणि खांद्याला लावून बघताना त्यांना जाणवलं, की बट, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता, कुरकुरतंय. नातवाला घेऊन ते थेट कोल्हापूर गाठून माझ्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात. रायफल .३१५ ची, जुनी, पण अशी राखलेली की परवाना बघायच्या आधीच मला ती आवडली. अर्थात परवाना बघितला, नंबर जुळवला, रजिस्टरला नोंद केली आणि मगच हात लावला. मॅगझिन काढलं, काडतूस आत ढकलणारा बोल्ट काढला, नळीतून उजेडाकडे बघितलं. आरशासारखी साफ.

दस्ता आवळायचा म्हणजे मागची पट्टी उघडायची, भोकातून लांब पेचकस घालायचा आणि आतला दस्त्याचा बोल्ट (हा वेगळा, लांब स्क्रूसारखा) पिळायचा, असंच कुणालाही वाटेल. पण .३१५ ही थ्री-नॉट-थ्रीच्या घराण्यातली. ३०३ बोअर आपल्याकडे सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून तीच घडण वेगळ्या काडतुसाला बसवलेली. या घराण्याच्या जुन्या घडणीत दस्त्याच्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका लोखंडी पट्टीत अडकून बसतं, बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून. पुढचं लाकूड जागेवर असताना मागून बोल्ट पिळला, की पट्टी फिरते आणि लाकूड उभं चिरतं. अशी चिरलेली लाकडं माझ्याकडे बरीच येतात. घरच्या घरी आवळलेली असतात सगळी.

म्हणजे मागचं काम करायला पुढून सुरुवात. ट्रिगर गार्डचे दोन स्क्रू. मागचा मुकाट्याने आला. पुढचा हलेना.

हा पुढचा स्क्रू खालून गार्डमधून आत शिरतो, लाकडातल्या लोखंडी बुशमधून वर जातो आणि थेट बॉडीत बसतो. रायफलीचं पुढचं सगळं लाकूड त्याच्याच जिवावर. त्याचं डोकं गेलं तर ड्रिल मारण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून गंजमारं तेल सोडलं आणि रात्रभर राहू दिलं. सकाळी थोडं अजून. पितळी हातोडीने सरळ रेषेत हलक्या टिचक्या. काही नाही.

नातू शिरोली एमआयडीसीत फिटर. त्याला राहवेना. "काका, इम्पॅक्ट ड्रायव्हर मारूया की. एका दणक्यात येतोय बघा."

येईलही. पण मशिनच्या बेडमधला स्क्रू आणि लाकडात बसलेला स्क्रू यात फरक आहे. दणका लाकूड खातं आणि वर स्क्रूच्या खाचेची कड उडते. त्यातून नेहमीच्या पेचकसाचं पातं असतं पाचरीसारखं निमुळतं. ते खाचेच्या फक्त वरच्या कडेला टेकतं आणि जोर दिला की वर चढतं. बंदुकीच्या स्क्रूला पातं दोन्ही बाजूंनी समांतर लागतं, तळाला टेकणारं आणि खाच पूर्ण भरणारं. माझ्याकडच्या संचातलं एक ढिलं होत होतं, दुसरं आत जात नव्हतं.

मग उद्यमनगर. शिवाजी उद्यमनगरात आमचा एक दोस्त आहे, लेथ आणि ग्राइंडर चालवतो. फोनवर म्हणाला, "भावा, रायफलच घिऊन ये की हिकडं. दोन मिनटात काढतो." हे मात्र करता येत नाही. दुरुस्तीचा परवाना माणसाबरोबर जागेचाही असतो. हत्यार दुकानाचा उंबरा ओलांडून दुसऱ्याच्या वर्कशॉपात गेलं तर मी गुन्हेगार. म्हणून हत्याराऐवजी आकडे गेले. खाचेची रुंदी फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पानांनी, मोजली, लांबी आणि खोली व्हर्नियरने, आणि कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून नेली.

त्याने जुन्या एलन कीचा सरळ तुकडा कापला. स्टील चिवट असतं, पिळ सोसतं. ग्राइंडरला लावताना दर दोन-चार घासांनी पाण्यात बुडवत होता. धातू निळा पडला की पाणी उतरलं, म्हणजे त्याचा कडकपणा गेला, आणि मग ते पातं लोण्यासारखं वाकतं. आमच्या गप्पा चालू, रेडिओ चालू, पण त्याची नजर टोकावरून हलली नाही. शेवटी तेलदगडावर चार हात मारले आणि फिलर गेजच्याच पानाशी ताडून बघितलं. कशासाठी हवंय, हे त्याने विचारलं नाही. असल्या कामाला कोल्हापूरसारखं गाव नाही, हे मी माझं गाव म्हणून म्हणत नाही.

दुकानात येऊन हे नवं पातं, म्हणजे बिट, खाचेत ठेवलं. सोडलं तरी उभं राहिलं.

आता ऊब. ज्योत लावायची नाही, शेजारी लाकूड आहे. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून ठेवायचं. स्क्रू तापतो, फुगतो, निवताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते. मी टेकवलं. थोड्या वेळात खाचेच्या कडेने पिवळट धूर निघाला आणि वास आला. गंज तापल्यावर असा वास येत नाही. ओळखीचा होता, पण दुकानातला नव्हता.

"सुभेदारसाहेब, जवसाचं तेल घातलंय काय यात?"

"घातलंय म्हंजे? पाजलंय," ते म्हणाले. "पुरानंतर."

मग सगळं बाहेर आलं. २०१९ चा ऑगस्ट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका म्हणतात, तेव्हा पंचगंगा ५५ च्या वर गेली होती. तेच पाणी पुढे कृष्णेला मिळून शिरोळात तुंबलं. साहेबांनी रायफल माळ्यावर ठेवली आणि माणसं, म्हशी बाहेर काढायच्या मागे लागले. पाणी माळ्याला लागलं. चार-पाच दिवसांनी घरात शिरता आलं तेव्हा रायफल गाळात. त्यांनी नळीत उकळतं पाणी ओतलं, पुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंदी लावून ओढली, तेल दिलं, सगळं शिस्तीत. आणि लाकूड सुकून तडकू नये म्हणून जवसाचं तेल. भरती झाल्यावर पहिल्यांदा हातात आली ती थ्री-नॉट-थ्रीच, आणि तिच्या लाकडाला जवसाचंच तेल चोळायला शिकवलं होतं. ते बरोबरच आहे. फक्त यांनी चोळलं नाही, ओतलं. सांध्यांत, भोकांत, स्क्रूवर.

"मग फोर-एंड, हे पुढचं लाकूड, का नाही उघडलं तेव्हाच?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना हुकूम मोडायला सांगितलं. "जवानाला परवानगी न्हवती. ते आर्मोररचं काम."

तेही खरं. आर्मोरर म्हणजे फौजेतला हत्यारं दुरुस्त करणारा. फौजेत जवानाने पुढचं लाकूड काढायचं नाही हा नियमच होता. पेन्शनीत येऊनही साहेबांनी तो पाळला.

आता रोग कळला. जवसाचं तेल वाळून कडक होतं. त्यात बारीक गाळ मिसळला की होते ती लांबी, म्हणजे पुट्टी, खिडकीच्या काचेला भरतात तसली. माझं गंजमारं तेल या थरावरून नुसतं वाहून जात होतं. मग पुन्हा ऊब, पूर्ण निवू देणं, निवल्यावरच अ‍ॅसिटोनचा थेंब (गरम असताना दुकान पेटवायचं नव्हतं), परत ऊब. नातू तोवर विचारत होता, की पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ मिळवलेल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची रायफल अशीच असते का. म्हटलं, नाही रे, ती पॉइंट टू-टू, ५० मीटरची. ही तिच्यापुढे बैलगाडी.

शेवटी रायफल उलटी करून दोन्ही टोकांना लाकडी ठोकळ्यांचा आधार दिला आणि पिलर ड्रिलखाली घेतली. ड्रिलचा विजेचा प्लग काढून ठेवला, चुकून सुरू होऊ नये म्हणून. चकात एलन कीचं बिट, फीडचा दांडा खाली दाबून नातवाच्या हातात दिला. "फक्त दाब. फिरवायचं नाही." म्हणजे बिट वर चढायला जागाच उरत नाही. चक मी हाताने फिरवला, आधी आवळायच्या दिशेने केसभर, मग उलटा. कट्ट असा आवाज आला. नातवाला वाटलं बिट तुटलं.

स्क्रू आला तो तपकिरी पापुद्र्यांसकट. खाच जशीच्या तशी.

लाकूड उचललं आणि साहेबांनी चष्मा काढून पुसला. वरून काळीभोर चमकणारी नळी लाकडाखाली तांबडी होती, आणि लाकडातल्या खाचेत कृष्णेचा गाळ अजून बसलेला, कडक. बारीक ब्राँझ वूल आणि तेलाने घासत गेलो. खड्डे उथळ निघाले, नखाला जेमतेम जाणवणारे. नळीला धोका नव्हता. गाळ लाकडी पट्टीने खरवडला, कारण लोखंडी हत्याराने लाकडाची बैठक बिघडते. लाकूड पुन्हा बसवायच्या आधी दस्त्याचा बोल्ट आवळला. ज्या कामासाठी आले होते ते काम एवढंच, पाच मिनिटांचं. बोल्टचं चौकोनी टोक पट्टीच्या खाचेशी जुळेल असं थांबवलं आणि बाकीचं जोडलं.

लाकडाला काय लावू, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, जवसच लावा, पण तळहातावर चार थेंब घेऊन चोळायचं आणि कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. लोखंडाला मशिन ऑइल. स्क्रूला काहीच नाही.

बिलावर मी लिहिलं होतं, 'दस्ता घट्ट केला.' साहेबांनी ते वाचलं आणि परत माझ्यापुढे सरकवलं. "फोर-एंड उघडल्याचं लिवा. आन् कुणी उघडलं त्ये बी लिवा. उद्या तपासणीला कुणी म्हणाय नको, सुभेदारानं उघडलं."

लिहून दिलं. तारीख, सही, दुकानाचा शिक्का.