तपासणारी नव्हे

फोंडा, ऋषिपंचमी, रात्री

गणपती पोचवून सगळे पांगले. काल गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून मामांनी नव्या व्याह्यांना माझी ओळख करून दिली, ‘ही आमची डॉक्टर. पण पेशंट तपासणारी नव्हे हां.’ मायेनेच म्हणाले. तरी आज नेवऱ्या वाढतानाही ते सलत होतं.

तपासणारी नव्हे. मग इतकी वर्षं मी करते काय? एमडीनंतर दवाखाना थाटला असता तर आईला कुणाला काही समजावत बसावं लागलं नसतं. बरोबरीच्यांच्या पाट्या म्हापशापासून मडगावापर्यंत झळकतात. मी डॉक्टर कसे घडतात यावर संशोधन करते, म्हणून माझ्याकडे मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज आणि एथिक्स कमिटीची पत्रं. आईला मनातून काय वाटतं, ते मी कधी... जाऊ दे.

पण खरंच मी तपासत नाही? खाटेपाशी आलेला विद्यार्थी आपलं नाव सांगतो का, चादर बाजूला करण्याआधी पडदा ओढतो का, आजीला ‘तुका कितें जाता गो?’ विचारल्यावर तिचं बोलणं संपेपर्यंत थांबतो का, हे मी बघते. 2019 पासून एमबीबीएसला एटकॉम, म्हणजे डॉक्टरच्या वागण्याबोलण्याचा अभ्यासक्रम, आला. संवाद, नीतिमत्ता आता वर्गात शिकवतात. आणि राउंडला वरिष्ठ पेशंटच्या डोक्यावरून इंग्रजीत बोलत पुढे सरकले की मुलं तेच उचलतात. हॅफर्टी आणि फ्रँक्स या संशोधकांनी 1994 मध्येच या छुप्या अभ्यासक्रमावर लिहिलं होतं. वर्ग कुठलाही असो, शिकवणी वॉर्डातच होते.

पापाडाकिस यांचा 2005 चा शोधनिबंध वाचला आणि मी इकडे वळले. अमेरिकेत मेडिकल बोर्डांनी कारवाई केलेल्या डॉक्टरांपैकी 39 टक्क्यांच्या कॉलेजमधल्या नोंदींत गैरवर्तनाचे शेरे होते. तुलनेसाठी घेतलेल्या डॉक्टरांत 19 टक्के. म्हणजे खुणा आधीच दिसत होत्या. कुणीतरी तेव्हाच त्या मुलाशी बोलायला हवं होतं. हे बोलणं मला कुठल्याही औषधाइतकं खरं वाटतं, अजूनही.

तपासणारी नव्हे, हे मामांच्या जागी बसून बघितलं तर बरोबरच आहे. गुडघा दुखतो त्याला गुडघा बघणारा हवा. तो बघणारा त्यांना खुर्ची देऊन, नीट ऐकून घेऊन बोलला, तर त्यात माझ्यासारख्या कुणाचं काम आहे हे त्यांना कळायची गरज नाही. मला कळलं तरी पुरे.

सुट्टी संपली की इंटर्नच्या मुलाखती. ‘तुम्हाला काय शिकवलं?’ हा पहिला प्रश्न काढून टाकते. ‘तुम्ही कुणाला बघून शिकलात?’ असं विचारायचं.