तुम्ही विचारलंत म्हणून: चांगल्या फोटोतली माणसं मी काळी का करते

‘एवढा चांगला फोटो आहे की. मग माणसं काळी कशाला केलीस?’ लग्नाचा, बारशाचा, साठीचा अल्बम कॉम्प्युटरवर करून दिला, आणि त्यात माणसांच्या जागी सावलीसारखे नुसते काळे आकार ठेवले, की हे ऐकावंच लागतं. एका मामांनी तर ‘तोंडाला काळं फासलंस’ असंही म्हणून घेतलं. तर एकदाच सांगते.

फोटो चांगला नसतो. तुमच्या मोबाइलमध्ये असतो; माझ्याकडं व्हॉट्सॲपवरून येईपर्यंत आकसलेला असतो. बारा इंची चौकोनी पान 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपके, छापायचं तर 3600 बाय 3600 पिक्सेल लागतात. एवढासा चेहरा तेवढा ताणला की नाकडोळे विरघळतात. कड मात्र पेन टूलनं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेघ ओढायच्या पेननं, नव्यानं ओढता येते, कितीही मोठी केली तरी फाटत नाही. हे उत्तर मी बरीच वर्षं देत आले. खरं आहे, पण सोयीचंही आहे. कारण चांगल्या कॅमेऱ्याचे फोटो आले तरी मी काळंच करते.

चेहरा असला की बघणारा चेहराच बघतो. कोण जाड झालं, कुणी डोळे मिटले. चेहरा गेला की उभं राहणं दिसतं. पोराला काखेत घेतल्यामुळं एका बाजूला गेलेली कंबर, खांद्यावरून सुटलेला पदर.

आणि हे एका बटणाचं काम नाही. बॅकग्राउंड काढणारी ॲप अंबाडा खातात. थ्रेशोल्ड लावला, म्हणजे गडद ते काळं आणि फिकं ते पांढरं केलं, तर काळा कोट राहतो आणि पांढरं धोतर पानात मिसळून जातं. समोरून काढलेलं तोंड नुसता गोळा होतं. 1839 साली फोटोग्राफी जाहीर झाली, त्याआधी युरोपात काळ्या कागदातून माणसं कातरून द्यायचे, तेही बहुतेक बाजूनंच.

आता काकूच्या पानाचं. ते अजून टोचतं.

फोटो पोळ्याचा, औसा तालुक्यातल्या आमच्या गावातला. काका बैलाच्या मानेवर हात टाकून उभे, डोक्याला पटका. बैलाच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल. 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, ती जोडी विकली. पुढं काकाही गेले. काकूच्या पंचाहत्तरीच्या अल्बमसाठी मी तो फोटो काळा केला, तर काका आणि बैल मिळून एकच ढीग झाला. हात गायब, खांदा गायब. बैलालाच पटका बांधलाय असं वाटायला लागलं. हा या कामातला नेहमीचा घोळ. दोन आकार चिकटले की मधे उजेडाची फट ठेवावी लागते. मी काकांचा लेअर, म्हणजे चित्रातला थर, वेगळा केला, जरासा डावीकडं सरकवला, हाताखाली बारीक चीर ठेवली. पटक्याचा शेमला, कोपर, बैलाचं वशिंड, सगळं सुटं सुटं दिसायला लागलं. मला ते पान फार आवडलं. अजूनही आवडतं.

काकूनं चष्मा लावून स्क्रीनजवळ तोंड नेलं. ‘ह्ये त्येच हायेत,’ म्हणाली. मी खूश. मग तिनं बोट नेमकं त्या चिरेवर ठेवलं. ‘ते टेकून हुबे होते गं. त्या साली गुडघा दुखायचा त्यांचा. तू मधून वारा कामून जाऊ दिलास?’

मी समजावलं, फट बुजवली तर हात दिसत नाही.

‘न दिसू दे. हात तिथं होता, ते मला ठाव हाय.’

मला राग आला. फट बुजवून दाखवली, तर तिलाच तो ढीग उमजेना; पण तसं कबूल करील ती काकू कसली! शेवटी अल्बमात मूळ फोटोच गेला, ताणलेला, डोळ्यांच्या जागी दोन डाग असलेला.

म्हणजे चेहराच लागतो माणसाला, असं म्हणून मी काही दिवस स्वतःवरच चिडले. पण काकूनं चेहऱ्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. तिचं भांडण फटीशी होतं. काकांचं उभं राहणं तिनं माझ्यापेक्षा नीट वाचलं. मग माझं म्हणणं खरं ठरलं की खोटं, हे मला अजून लावता येत नाही. माणूस ओळखू यावा म्हणून मी त्याला होता तिथून हलवते, एवढं मात्र खरं.

सध्या भाचीच्या शाळेतल्या लेझमीचं पान चालू आहे. पोरी एकमेकींना खेटून, हात वर. फटी ठेवल्याशिवाय लेझमी दिसणार नाहीत. ठेवते आहे. त्यांच्या आयांनी विचारलं तर हेच वाचायला देईन.