स्थळ बघणं चालू आहे

गोव्यात लग्न जमवायचं आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही, हे होणारच नाही. राज्य एवढंसं, सगळे मिळून बारा तालुके, पेडण्याहून सकाळी आरामात निघालेला माणूस काणकोणला जेवायला पोचतो, आणि वाटेत जे जे भेटतात त्यातला प्रत्येक जण कुणाचा तरी कुणीतरी असतोच. म्हापशात आमच्या स्वयंपाकघरात बसून आईने एखाद्या मुलीचा फोटो मोठा करून बघितला आणि "नाक छान आहे गो" एवढंच म्हटलं, की दुसऱ्या दिवशी वाळपईहून कुणाचा तरी फोन, "ती आमच्या वन्संच्या नात्यातली, तुम्ही बघताय म्हणून कळलं." कुणी सांगितलं विचारलं तर "असंच कळलं." असंच!

सध्या आमच्याकडे दादाचं बघताहेत. दादा बत्तीसचा, वेर्ण्याला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरी, स्वभावाने गरीब, जेवताना मोबाईल बघतो हा एकच मोठा दुर्गुण, आणि तो बायोडेटात लिहायचा नसतो. बायोडेटा मीच केला. सुरुवातीला अर्धं पान होता. मग त्यात बाबांनी मुळातलं गाव घातलं, आईने मामाकडचं घराणं घातलं, आणि पेडण्याच्या आत्याने फोनवरून सांगितलं की खाली लिही, पोर्तुगीज पासपोर्ट होऊ शकतो. म्हटलं आत्या, दादाला कुठेच जायचं नाहीये, तो पणजीला जायचं म्हटलं तरी कुरकुरतो. तर म्हणे जाऊ दे नै तर नको जाऊ दे, आजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या, आधी गोव्यात जन्मले म्हणजे नातवाला हक्क आहे, लिहायला काय जातं. मी लिहिलं नाही. पण आत्या आपली सगळीकडे तोंडी सांगतेच, त्यामुळे एका स्थळाकडून पहिला प्रश्न आला तो हा की मुलगा लंडनला कधी जाणार.

आई शुक्रवारी बाजारात जाते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार म्हणजे अख्खा बार्देश आणि वर पेडणे-डिचोलीतली निम्मी माणसं तिथे. ती जाते मयड्याची केळी आणि सोलं आणायला, आणि परत येते तेव्हा पिशवीत केळी असतात-नसतात पण दोन मुलींची माहिती पक्की असते, शिक्षण, उंची, काकाचं आणि वडलांचं पटत नाही हे, आणि ते का पटत नाही हे सुद्धा. एवढी माहिती सोलांचा भाव करता करता कशी मिळते हे मला अजून समजलेलं नाही. मला फक्त इन्स्टाची ड्युटी आहे. मुलीचं अकाउंट शोधायचं, प्रायव्हेट असेल तर आई म्हणते "काय लपवते?" आणि प्रायव्हेट नसेल तर म्हणते "सगळ्यांना दाखवायला काय झालंय?"

आईच्या अटी तशा कमी आहेत. एकच मोठी अट होती, मुलगी झुवारी नदीपलीकडची नको. कारण पूल. आता म्हापशाहून मडगाव-वास्को म्हणजे आधी मांडवी आणि मग झुवारी, आणि जुन्या झुवारी पुलावर जे ट्रॅफिक व्हायचं ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. आई म्हणायची, मुलीला माहेरी पोचवायचं तर अर्धा दिवस पुलावर, व्याह्यांकडे काही बरंवाईट झालं तर आपण आगशीला अडकलेले, नको ते. हे ऐकून घेणारा दादा रोज सकाळी दोन्ही पूल ओलांडून वेर्ण्याला जायचा आणि संध्याकाळी दोन्ही ओलांडून परत यायचा, पण ती नोकरी, तिला कोण विचारतं. मग २०१९ मध्ये मांडवीवर अटल सेतू झाला, आणि २०२२ च्या डिसेंबरात नव्या झुवारी पुलाच्या चार लेन सुरू झाल्या, पुढच्या वर्षी उरलेल्या चार. तेव्हा अख्खा गोवा खूश होता, आमची आई सोडून. तिच्याकडे कारणच उरलं नाही ना! आता म्हणते, "पूल झाला गो, पण हवा वेगळी तिकडची."

एकदा बाबांनी तिला सांगून बघितलं, की बाई, तुझे देव सुद्धा झुवारीपलीकडचेच. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, म्हणजे पुलाच्या अगदी त्या टोकाचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी रातोरात देव उचलले आणि नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, आणले. पूल नसताना आले. आई शांतपणे म्हणाली, "बघा, देवांना पण तिकडून निघावंच लागलं."

ह्यावर काय बोलणार.

देवाचा विषय निघालाच आहे तर प्रसादाचं सांगायला हवं. देवळात प्रसाद लावतात, म्हणजे मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, भटजी गाऱ्हाणं घालणार, आणि मग सगळ्यांनी हात जोडून बघत राहायचं कुठली पाकळी पडते. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नको म्हणतो. घर बांधायचं असो, जमिनीची केस असो, लग्न असो, आधी देवाला विचारायचं. माझा विश्वास आहे की नाही असं कुणी विचारलं तर मी "तसा नाही" म्हणेन, पण त्या दोन-पाच मिनिटांत मी सुद्धा श्वास धरून बसते हे खरं आहे, गाभाऱ्यात समई, ओल्या फुलांचा वास, भटजी डोळे मिटून, आणि पाकळी हलते पण पडत नाही.

तर साखळीच्या एका मुलीसाठी प्रसाद लावला. डावा आला. बाबा म्हणाले संपला विषय, चला मार्दोळला थांबून चहा घेऊ. पण आईला ती मुलगी आवडली होती. ती म्हणाली, प्रश्नच चुकीचा घातला, भटजींनी "हे लग्न करावं काय" असं विचारलं, आपल्याला तर "तुळशीच्या लग्नानंतर करावं काय" असं विचारायचं होतं, चातुर्मासात कर म्हणून देव कसा सांगेल. परत गाऱ्हाणं. परत डावा. मग आई म्हणाली, त्यात नाव नीट घेतलं नाही, मुलीचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे. भटजी वयस्कर, त्यांनी अशा पुष्कळ आया बघितलेल्या, ते काही न बोलता परत पाकळ्या लावायला लागले. ह्या वेळी बराच वेळ काहीच पडेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काका मागून हळूच म्हणाले, देव पण आता चौकशी करत असेल. शेवटी उजवा आला! आई जिंकल्याच्या आनंदात बाहेर आली, मुलीच्या घरी फोन केला, तर मुलीकडच्यांनी आदल्या दिवशीच त्यांच्या देवाला विचारलेलं, आणि त्यांच्या देवाने डावा दिलेला. झालं. काका म्हणतात दोन देवांचं आपसात बोलणं व्हायला हवं होतं.

पत्रिकेचं मी जास्त सांगत नाही, ते सगळीकडे सारखंच. छत्तीस गुण, अठरा आले तरी चालतात, नाडीचे एकटीचे आठ, हे आता ॲपवर पाच सेकंदात कळतं. पण आई ॲपवरचे गुण धरत नाही. ॲपवर सव्वीस आले तरी ती डिचोलीच्या जोशीबुवांकडे जाऊन बावीस करून आणते, आणि ते बावीस जास्त खात्रीचे.

त्यापेक्षा आमचे फोंड्याचे मामा. मामा आयुष्यभर वकिलाकडे कारकून होते आणि रिटायर झाल्यावर स्वतःच वकील झाले, सनद सोडून सगळं आहे. स्थळ कुठलंही असो, मामा पहिल्या भेटीत मुलाला बाजूला घेऊन कायदा सांगतात. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, १८७० पासून लागू, अजून चालू, तेव्हा आधी वेगळा करार केला नाही तर लग्न झालं की नवराबायकोची मालमत्ता एकत्र, अर्धा हक्क तुझा अर्धा तिचा, तिच्या सहीशिवाय घर विकता येणार नाही, समजलं? दादा म्हणाला, मामा, माझ्याकडे एक सेकंडहँड बुलेट आहे आणि गाडीचं कर्ज आहे. कर्ज पण अर्धं होतं काय? मामा जरा थांबले आणि म्हणाले, ते बघावं लागेल. त्यानंतर मामांनी सह्यांवर भाषण केलं, की आपल्याकडे आधी रजिस्ट्रारकडे जाऊन लग्न करणार म्हणून पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी सही, आणि दुसरी झाली की कायद्याने तुम्ही नवराबायको, मग मंडप पडो न पडो. आजी पडल्या पडल्या ऐकत होती. ती म्हणाली, "मंगळसूत्र पडेपर्यंत कसली नवराबायको, सही तर आम्ही सोसायटीत पण करतो."

मधे एकदा दादा चिडला. म्हणाला मला आता कुणालाच बघायचं नाही, बंद करा हे सगळं. आणि खरंच बंद झालं. मला वाटलं घर जरा निवांत होईल, तर कसलं काय, घर नुसतं बसलं. बाबा संध्याकाळी पेपरातल्या वधूवरांच्या जाहिराती शेजारच्यांच्या मुलासाठी वाचायला लागले, शेजाऱ्यांनी सांगितलेलं नव्हतं तरी. आत्याचे फोन कमी झाले, काका उर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, घेऊन आले तर त्यांच्याशी बोलायला विषय नाही, नुसतं लिंबू पिळत आणि मिरची चिरत बसले. आई शुक्रवारी बाजारातून फक्त केळी घेऊन आली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ह्या सगळ्यांना सून हवीय हे खरं, पण बघणं जास्त हवंय. रविवारी कडक इस्त्रीचे कपडे घालून सात माणसांनी एका गाडीत कोंबून कुणाच्या तरी घरी जाणं, तिथला शिरा खाणं, परतीच्या वाटेवर गाडीत त्या घरातल्या पडद्यांपासून कुत्र्यापर्यंत सगळ्याची चिरफाड करणं, ह्याच्यापुढे टीव्हीवरची कुठली सिरियल टिकणार. दादाला पण ते कळलं असावं, कारण तो स्वतःच आईला म्हणाला, बरं, बघू एखादं.

आणि तेव्हा नेमकी डिचोलीची मुलगी आली. जून महिना, धो धो पाऊस, आम्ही सगळे भिजत तिच्या घरी. सरकारी नोकरी, म्हणजे गोव्यात अर्धं लग्न तिथेच झालं. पत्रिकेत अठ्ठावीस, आणि जोशीबुवांकडे पण अठ्ठावीसच, हे कधीच होत नाही. प्रसाद पहिल्या फटक्यात उजवा. दोन्ही पुलांच्या अलीकडची. तिच्या आईने केलेली तवसाळी, म्हणजे काकडीचा गोड केक, अशी की आत्याने तीनदा घेतली. तिचे बाबा आणि आमचे बाबा बसल्या बसल्या मासळीवर घसरले, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरना बंदी, मग हे दोन महिने माणसाने काय खायचं, तुम्ही सुके बांगडे कुठून घेता, आम्ही तर सुक्या मासळीचं किसमूर करतो, अहो आम्ही पण! दोघे भाऊ असल्यासारखे बोलत होते. मुलाला आणि मुलीला बाल्कनीत पाठवलं, "मोकळेपणाने बोला" म्हणून, आणि दाराला लागून चार बायका उभ्या. बाहेरून ती मोठ्याने हसल्याचा आवाज आला. आत सगळे एकदम गप्प.

परतताना गाडीत कुणी बोलेना. नाव ठेवायला काही नव्हतं. पडदे चांगले, कुत्रा शहाणा. शेवटी अस्नोड्याला गाडी आली तेव्हा आत्या म्हणाली, "सगळंच बरोबर आहे गो. म्हणजे काहीतरी असणार." त्यावर सगळ्यांच्या जिवात जीव आला. लगेच आत्याने मये, मुळगाव, साळ असे तिन्ही बाजूंनी फोन लावले, मामांनी घराचे कागद बघतो म्हणून सांगितलं, काकांचं म्हणणं पडलं की एवढी चांगली मुलगी आत्तापर्यंत राहिली कशी. ह्याला आता दीड महिना झाला. कुणालाच काही सापडलेलं नाही, आत्या तर खचत चाललीय. दादा रात्री गच्चीवर जाऊन फोनवर बोलतो ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, पण चौकशी पूर्ण झालेली नाही म्हणून कुणाला ते माहीत नाही असं धरून चाललंय.

परवा बाबांनी विषय काढलाच. म्हणाले, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा भराभर जातात, देवळाचा हॉल बघायला हवा, मी मंगळवारी जाऊन विचारून येऊ काय?

आई म्हणाली, "विचारा हो, पण रविवारचं काणकोणचं बघून येऊ आधी. बायोडेटा छान आहे, घर अगदी समुद्राला लागून."

"अगो पण कुणासाठी?"

"जाऊन तर येऊ," आई म्हणाली. "कुणासाठी ते मागाहून बघता येईल."