अमेरिकी ज्युनियर धावपटूंची वही: 'पुढे कोण होतं' हा नवा रकाना

२०२५च्या हंगामाअखेरपर्यंतच्या नोंदी वहीत चढल्या. अमेरिकेच्या २० वर्षांखालील मुलांचे १०० मीटरपासून एक मैलापर्यंतचे तक्ते माझ्यापुरते पुरे झाले आहेत. ४०० मीटर अडथळ्यांचाही झाला. ११० मीटर अडथळे अर्धवट आहेत आणि पाच हजार-दहा हजारला नुकता हात घातला आहे.

या खेपेला मुख्य काम झालं ते एका नव्या रकान्याचं. आतापर्यंत नाव, वेळ, वारा, ठिकाण, तारीख आणि जन्मतारीख एवढंच लिहीत होतो. आता शेवटी 'पुढे कोण होतं' असा रकाना आखला आहे. तक्ते सलग वाचत गेलो तसं दिसू लागलं की या मुलांच्या सर्वोत्तम वेळा ज्युनियर स्पर्धांतल्या फारशा नाहीतच. त्या मोठ्यांच्या शर्यतींतल्या आहेत, आणि कितीदा तरी मुलगा जिंकलेलाही नाही. कुणाच्या तरी पाठीमागे धावताना तो आपल्या आवाक्याबाहेरची वेळ काढून गेला आहे. हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही, म्हणून रकाना.

त्याआधी वयाचा नियम, कारण नव्याने तक्ते करणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. शर्यत ज्या वर्षी झाली त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत ज्याला २० पूर्ण होत नाहीत, तो ज्युनियर. शर्यतीच्या दिवशीचं वय धरायचं नाही. जेसी ओवेन्सने जून १९३३ मध्ये शिकागोच्या राष्ट्रीय आंतरशालेय स्पर्धेत १०० यार्ड ९.४ सेकंदांत काढून विश्वविक्रमाशी बरोबरी केली, तेव्हा तो १९ वर्षांचा शाळकरी मुलगा होता. पण जन्म १२ सप्टेंबर १९१३चा, म्हणजे १९३३ मध्येच त्याला २० पूर्ण झाली. आजच्या नियमाने ती धाव तक्त्यात बसत नाही. मी ती तक्त्याखाली वेगळ्या शाईत लिहून ठेवली आहे; वगळायला हात धजत नाही. यार्डांतल्या सगळ्याच वेळांचं वेगळं पान केलं आहे. १९७५ मध्ये फ्लोरिडाच्या ह्यूस्टन मॅकटिअरने शाळेत असताना १०० यार्ड हातघड्याळावर ९.० मध्ये काढले, ती नोंद तिथे आहे. हातघड्याळाच्या शंभर-दोनशेच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करायची पद्धत आहे, ती पाळली आहे.

आता जिम रायन. रकाना आखल्यावर सगळ्यात आधी त्याचं पान भरलं, आणि त्या एका पानासाठीसुद्धा हा खटाटोप सार्थकी लागला असं मला वाटतं.

रायन कॅन्ससमधल्या विचिटाचा, प्रशिक्षक बॉब टिमन्स. ५ जून १९६४ रोजी कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनला त्याने मैल ३:५९.० मध्ये धावून काढला. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला शाळकरी मुलगा. हे सगळ्यांना माहीत असतं. त्या शर्यतीत तो आठवा आला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. एकाच शर्यतीत आठ जण चार मिनिटांच्या आत आले, पहिला डायरोल बर्लसन, आणि आठांतला शेवटचा हा १७ वर्षांचा पोरगा. रकान्यात सात माणसं! एवढ्या माणसांनी वेग धरून ठेवला नसता तर त्या दिवशी ती वेळ आली असती का, हा प्रश्न मला पडतो.

पुढच्या वर्षी, २७ जून १९६५ला सॅन डिएगोत राष्ट्रीय अजिंक्यपदाची शर्यत झाली. समोर न्यूझीलंडचा पीटर स्नेल, म्हणजे १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमधला ८०० आणि १५०० मीटरचा विजेता. रायन ३:५५.३, स्नेल ३:५५.४, जिम ग्रेल ३:५५.५. रकान्यात लिहिलं: पुढे कुणी नाही, खांद्याला खांदा लावून दोघं. आणि १७ जुलै १९६६ला बर्कलीत ३:५१.३, विश्वविक्रम. आधीचा विक्रम फ्रान्सच्या मिशेल जाझीचा ३:५३.६. एकदम २.३ सेकंद खाली! तिथे सुरुवातीला इतरांनी वेग दिला, पण पुढचं सगळं रायनने एकट्याने ओढलं. जन्म २९ एप्रिल १९४७, म्हणजे १९ वर्षांचा आणि नियमाने ज्युनियर. दोन वर्षांत सात माणसांच्या मागून निघून हा मुलगा जगाच्या पुढे गेला. तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या तेव्हा मी बराच वेळ त्या पानावरून उठलो नाही.

१५०० मीटरमध्ये रायनची ३:३६.१ ही वेळ अमेरिकी ज्युनियरांत २०२१ पर्यंत टिकली. २९ मे २०२१ रोजी पोर्टलंडला मिशिगनच्या हॉब्स केसलरने ३:३४.३६ काढली. टोकियो ऑलिंपिकची पात्रता वेळ ३:३५.०० होती, म्हणजे शाळा संपवत असलेला मुलगा ऑलिंपिकच्या वेळेच्या आत! तो तेव्हा व्यावसायिक धावपटूंच्या घोळक्यात होता. पुढे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरच्या फायनलमध्ये पाचवा आला. शाळकरी मैलाचा विक्रम मात्र अजून ॲलन वेबचाच: ओरेगनमधलं युजीन, २७ मे २००१, ३:५३.४३. त्या दिवशी रायनचा १९६५चा शाळकरी विक्रम गेला. वेब पाचवा होता, आणि पुढे होता हिशाम एल गेरूज, ३:४९.९२. शेवटचा लॅप सुमारे ५५ सेकंदांत मारून वेब एकेकाला गाठत आला. ती शर्यत पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी.

८०० मीटरचा तक्ता तर रायनपासूनच सुरू होतो. १० जून १९६६ला टेरे होट इथे त्याने ८८० यार्ड १:४४.९ मध्ये काढून स्नेलचा विश्वविक्रम मोडला. ८८० यार्ड म्हणजे ८०४.६७ मीटर. वरच्या पावणेपाच मीटरचे साधारण ०.६ सेकंद वजा केले की १:४४.३, आणि याच आकड्याने ही धाव यादीत धरली जाते. ती मोडली टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या डोनाव्हन ब्रेझियरने, युजीनला, १:४३.५५ मध्ये. तारीख १० जून २०१६. बरोबर पन्नास वर्षांनी, त्याच तारखेला. तारखांच्या रकान्यात हे दोन आकडे एकाखाली एक आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

आणि २०२५च्या ३ ऑगस्टला त्याच मैदानावर कूपर लुटकेनहाउस आला. टेक्सासमधल्या जस्टिन गावचा, वय १६. १९९६ पासून टिकलेला मायकेल ग्रॅनव्हिलचा १:४६.४५ हा शाळकरी विक्रम त्याने त्याच हंगामात मोडला होता आणि १:४५.४५ पर्यंत आला होता. राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलमध्ये शेवटच्या टप्प्यापर्यंत तो मागच्या मंडळींत होता, मग बाहेरच्या बाजूने एकेकाला टाकत निघाला. वेळ १:४२.२७. दीड महिन्यात तीन सेकंदांहून जास्त सुधारणा! ८०० मीटरमध्ये, या पातळीवर, असं मी दुसरं पाहिलेलं नाही. १८ वर्षांखालील जगातला आधीचा सर्वोत्तम आकडा इथिओपियाच्या मोहम्मद अमानचा १:४३.३७ होता.

रकान्यात एकच नाव आहे: ब्रेझियर, १:४२.१६. म्हणजे ज्याचा ज्युनियर विक्रम मोडला, तोच पुढे पळत होता. दुखापतींची वर्षं काढून परत आलेला ब्रेझियर. २०१९ला दोहात तो विश्वविजेता झाला तेव्हाची त्याची वेळ १:४२.३४, आणि या मुलाची १:४२.२७ तिच्यापेक्षाही कमी. सप्टेंबरमध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत लुटकेनहाउस पहिल्याच फेरीत बाहेर पडला. काहींनी त्यावरून बरंच लिहिलं. मला त्यात काही वावगं वाटत नाही; डावपेचांच्या फेऱ्या हा वेगळा अभ्यास आहे आणि तो करायला त्याच्याकडे वेळ आहे. जन्म १९ डिसेंबर २००८, म्हणजे २०२७ संपेपर्यंत तो ज्युनियरच.

जगाचा २० वर्षांखालील विक्रम १:४१.७३, बोत्स्वानाच्या निजेल अमोसचा, २०१२च्या लंडन ऑलिंपिक फायनलमधला. आपल्या तक्त्याच्या बाहेरची गोष्ट, पण रकाना तिथेही बोलतो: पुढे डेव्हिड रुडिशा, १:४०.९१, विश्वविक्रम.

२०० मीटरला एरियन नाइटन. २०२१च्या ऑलिंपिक निवड चाचणीत, युजीनला, १७ वर्षांच्या या मुलाने उसेन बोल्टचा १९.९३ हा ज्युनियर विक्रम आधी सेमीफायनलमध्ये १९.८८ आणि दुसऱ्या दिवशी फायनलमध्ये १९.८४ असा दोनदा खाली आणला. फायनलमध्ये तिसरा, पुढे नोआ लाइल्स आणि केनी बेडनारेक. ३० एप्रिल २०२२ला बॅटन रूजमध्ये १९.४९ आली, तेव्हा पुढे कुणीच नव्हतं. ती वेळ यादीत आहे, पण विक्रम म्हणून मंजूर झाली नाही. अधिकृत विक्रम ठरला तो २६ जून २०२२चा १९.६९, आणि त्या शर्यतीत नाइटन दुसरा होता! लाइल्सने १९.६७ मध्ये शेवटच्या पावलांवर त्याला गाठलं. मी दोन्ही वेळा लिहिल्या आहेत, मंजूर असलेली ठळक. २०२४च्या एका चाचणीत ट्रेनबोलोन या बंदी असलेल्या स्टिरॉइडचा अंश सापडल्याच्या प्रकरणात क्रीडा लवाद न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. ज्युनियर वेळा त्याच्या आधीच्या असल्याने त्या तक्त्यात राहतात. शेऱ्यात बंदीची नोंद केली आहे.

१०० मीटरला मात्र हा रकाना जवळजवळ रिकामा आहे. ट्रेव्हॉन ब्रोमेल, १३ जून २०१४, युजीन, विद्यापीठांच्या फायनलमध्ये ९.९७, वारा १.८ (पाठीमागून, सेकंदाला मीटरमध्ये): दहाच्या आत येणारा जगातला पहिला ज्युनियर, आणि पहिला नंबर. २०२४च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या क्लेरमॉन्टला क्रिश्चन मिलर ९.९३. मे २०२५ मध्ये टेक्सासच्या शाळांच्या राज्य स्पर्धेत टेट टेलर ९.९२. दहा सेकंदांत कुणाच्या मागे राहून फायदा घ्यायला अवधीच नसतो, प्रत्येकाची लेन वेगळी, वेगाची वाटणी करायची नाही. तेव्हा इथे पुढच्या माणसापेक्षा वारा महत्त्वाचा. ब्रोमेलने त्याच २०१४ मध्ये ९.७७ सुद्धा काढली होती, पण वारा ४.२ होता, विक्रमासाठी मर्यादा २.०. ती नोंद वाऱ्याच्या पानावर.

४०० मीटरला सगळ्यात वर स्टीव्ह लुइस: २८ सप्टेंबर १९८८, सोल, ऑलिंपिक फायनल, ४३.८७, वय १९. रकान्यात 'कुणी नाही' लिहावं लागलं, पण पाठीमागे कोण होतं ते लिहिल्याशिवाय राहवेना. बुच रेनॉल्ड्स, ज्याने सहाच आठवड्यांपूर्वी झ्यूरिकमध्ये ४३.२९चा विश्वविक्रम केला होता, तो ४३.९३ मध्ये दुसरा. डॅनी एव्हरेट तिसरा. लुइसची वेळ ली एव्हान्सने १९६८ला मेक्सिको सिटीच्या उंचीवर काढलेल्या ४३.८६ पेक्षा फक्त एक शतांश जास्त! २०२५ संपेपर्यंत हा ज्युनियर विक्रम जगात कुणालाही मोडता आलेला नाही.

त्याच्या जवळ जाऊ पाहणारा मुलगा आहे क्विन्सी विल्सन, मेरीलँडच्या बुलिस शाळेचा. २०२४च्या निवड चाचणीत पहिल्या फेरीत ४४.६६, सेमीफायनलमध्ये ४४.५९, डॅरेल रॉबिन्सनचा १९८२चा ४४.६९ हा शाळकरी विक्रम दोनदा मोडला. मग जुलैत ४४.२०, आणि पॅरिसमध्ये १६व्या वर्षी ४×४०० रिलेच्या हीटमध्ये धावून सुवर्णपदक. जुलै २०२५ला मेम्फिसमध्ये ४४.१०. जन्म जानेवारी २००८चा, त्यामुळे त्याच्याकडेही २०२७चा हंगाम धरून वेळ आहे. लुइसची ओळ खाली सरकली तर मला हुरहुर लागेल, आणि तरी ती सरकावी असंच वाटतं.

४०० मीटर अडथळ्यांत डॅनी हॅरिस. १९८४च्या निवड चाचणीत, लॉस एंजेलिसला, ४८.०२. वय १८, आणि ही शर्यत त्याने त्याच वर्षी धरलेली. पुढे एडविन मोझेस, ४७.७६. ऑलिंपिकमध्येही मोझेस पहिला, हॅरिस दुसरा. तीन वर्षांनी माद्रिदमध्ये मोझेसची सलग १२२ विजयांची मालिका तोडली ती याच हॅरिसने. त्याची ज्युनियर वेळ शॉन बरेलने २०२१ला विद्यापीठांची फायनल जिंकताना ४७.८५ करून मोडली.

११० मीटर अडथळ्यांचं काम उंचीपाशी अडलं आहे. अमेरिकी शाळांत आणि ज्युनियर स्पर्धांत अडथळा ९९ सेंटिमीटरचा, विद्यापीठात गेल्याबरोबर १०६.७चा. एकाच मुलाच्या एकाच वर्षात दोन्ही उंचींवरच्या वेळा असतात. रेनाल्डो नेहेमायाची १९७८ची झ्यूरिकमधली १३.२३ मोठ्या उंचीची. ती ९९ सेंटिमीटरच्या वेळांशेजारी ठेवता येत नाही. सध्या दोन वेगळे तक्ते करतो आहे.

लांब अंतरात गेरी लिंडग्रेनपासून सुरुवात केली. १९६४ला पाच हजारला १३:४४.०, शाळकरी विक्रम चाळीस वर्षं, मग २००४ला गेलन रप १३:३७.९१. लिंडग्रेन त्याच उन्हाळ्यात सोव्हिएत संघाविरुद्ध दहा हजार मीटर जिंकला होता.

कॉम्प्टन १९६४च्या त्या मैलाचे लॅपनिहाय आकडे, निदान पहिल्या चौघांचे, कुणाकडे असतील तर कळवा. जुन्या मासिकाच्या पानाचा फोटोही चालेल. रायनच्या पानावर तेवढी जागा मोकळी ठेवली आहे.