सी ड्राइव्हची लाल पट्टी

माझा लॅपटॉप अकरा वर्षांचा आहे. चालतो बरा, पण मध्यंतरी सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली ती काही केल्या निळी होईना. ९७.६ जीबीपैकी ४१२ एमबी शिल्लक. विंडोजचं अपडेट जागा नाही म्हणून अडून बसलेलं, आणि ब्राउझर उघडेपर्यंत माझे बादलीभर कपडे वाळत घालून व्हायचे.

पहिला रविवार मी वाया घालवला. हाताला लागेल ते पुसत सुटले. जुने व्हिडिओ, कुठल्याशा कोर्सची रेकॉर्डिंग, दोन-दोनदा उतरवून घेतलेले फोटो. संध्याकाळपर्यंत चाळीसेक जीबी गेलं असेल. पट्टी बघितली तर लालच. भाच्याला फोन लावला. त्यानं दोनच प्रश्न विचारले आणि हसायला लागला. "मावशी, सी भरलाय आणि तू डी रिकामा करतेयस!" एकाच डिस्कचे दोन भाग असले तरी एकातली मोकळी जागा दुसऱ्याला आपसूक मिळत नाही, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पुसण्याच्या भरात बघितलंच नव्हतं.

मग सीकडे वळले. रिसायकल बिन रिकामी केली, कारण तिथे पडलेली फाइल डिस्कवर जागा अडवूनच असते. प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या फाइलींचं टेम्प फोल्डर साफ केलं. सगळं मिळून दोन जीबी सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी उरली तीनशे एमबी! आधीपेक्षाही कमी. हा प्रकार तीन दिवस चालला. अडलेलं अपडेट टपूनच बसलेलं असायचं. मी थोडी जागा केली की ते आणखी थोडं डाउनलोड होऊन तिथेच ठाण मांडायचं. चिमूटभर जागा करण्यात अर्थ नव्हता, एकदम मोठी जागा हवी होती.

भाच्यानं विनडिरस्टॅट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकायला सांगितला. तो सगळी डिस्क वाचून रंगीत चौकटींचा नकाशा काढतो, फाइल जितकी मोठी तितकी तिची चौकट मोठी. माझ्या डिस्कला वाचायला वीस मिनिटं लागली. नकाशा उमटला तेव्हा मी ज्या फाइलींसाठी तीन दिवस घालवले त्या कुठे दिसतच नव्हत्या, नुसती रंगीत रांगोळीची धूळ. आणि डाव्या कोपऱ्यात एकाला एक चिकटलेल्या चौकटींचा भलामोठा पट्टा. त्यावर क्लिक केलं तर ॲपडेटा, त्याच्या आत रोमिंग, त्याच्याही आत मोबाइलसिंक. माझ्या जुन्या आयफोनचा बॅकअप, २३.६ जीबी. तो फोन मी केव्हाच देऊन टाकलाय! ॲपडेटा हे फोल्डर एरवी लपवलेलं असतं, त्यामुळे इतक्या वर्षांत ते माझ्या नजरेलाही पडलं नव्हतं.

लगेच पुसलं नाही. त्या फोनमधले फोटो डी ड्राइव्हवर वेगळे काढलेले होते, ते आधी उघडून पाहिले, पहिल्या महिन्यातले आणि शेवटच्या महिन्यातलेही. मग आयट्यून्स या आयफोन जोडायच्या ॲपलच्या प्रोग्रॅमच्या प्रेफरन्सेसमध्ये डिव्हाइसेस या भागातून तो बॅकअप काढला. फोल्डरमध्ये हात घालून पुसण्यापेक्षा ही वाट बरी, आपण नेमका कुठला बॅकअप काढतोय ते नावासकट दिसतं.

नकाशात आणखी एक मोठी चौकट होती, हायबरफिल नावाची, ३.२ जीबी. लॅपटॉप हायबरनेट होताना, म्हणजे उघडं काम जसंच्या तसं ठेवून बंद होताना, रॅममधला (चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीतला) मजकूर या फाइलीत उतरवून ठेवतो. विंडोज १० मध्ये ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते आणि माझी रॅम ८ जीबी आहे. मी हायबरनेट कधीच वापरत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट ही आज्ञा टाइप करायची खिडकी उघडली, पॉवरसीएफजी लिहून स्पेस, स्लॅश एच, पुन्हा स्पेस आणि ऑफ. फाइल गायब. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होतं, म्हणून लॅपटॉप सुरू व्हायला आता जरा जास्त वेळ घेतो. मला चालतं. तिच्या शेजारच्या पेजफाइलला मात्र हात लावला नाही. रॅम कमी पडली की विंडोज तिचाच आधार घेतं.

एक कोडं उरलं. नकाशातली बेरीज आणि सी ड्राइव्हचा खरा वापर यांत नऊ-दहा जीबीची तफावत येत होती. ते निघाले रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर मागच्या स्थितीत परतता यावं म्हणून विंडोजनं करून ठेवलेल्या नोंदी. ते अशा फोल्डरमध्ये असतात की साध्या प्रोग्रॅमला आत डोकावताच येत नाही. सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये त्यांच्यासाठी १० टक्के जागा राखलेली होती, ती ३ वर आणली. जुने पॉइंट गेले, नवे राहिले.

विनएसएक्सएस हे विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचं फोल्डर बघूनही हात शिवशिवले होते. भाचा म्हणाला, "ते पुसलंस तर मला फोन करू नकोस." त्यातल्या बऱ्याच फाइली विंडोजच्या इतर फोल्डरांतही दिसतात, डिस्कवर मात्र एकदाच असतात, म्हणून त्याचा आकडा फुगलेला दिसतो. ते फोल्डर तसंच ठेवलं आणि डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' हे बटण दाबून अपडेटचा जुना कचरा काढला. तीनेक जीबी सुटली. तिथे काही आवृत्त्यांत डाउनलोड्स फोल्डरचीही चौकट असते, टिक करण्याआधी यादी वाचलेली बरी.

डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग, आणि माझ्या डेस्कटॉपवर अकरा जीबी पसारा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स यांच्या प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबवरून दोन्ही डीवर हलवले. आधी डीवर प्रत्येकासाठी नवं फोल्डर केलं. नुसता डी ड्राइव्ह निवडला तर अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि ते निस्तरताना नाकी नऊ येतात. घरच्या समारंभाचा एक व्हिडिओ पेन ड्राइव्हवर ठेवायला गेले तर "फाइल फार मोठी आहे" असा संदेश. वीस जीबी मोकळी असलेल्या पेन ड्राइव्हवर पाच जीबीची फाइल मावू नये? पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता, आणि त्यात चार जीबीची एक फाइलसुद्धा बसत नाही. आतलं सगळं बाजूला काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, तेव्हा गेली.

सीवर आता ४७ जीबी मोकळी होती. अपडेट रात्रभर चाललं. सकाळी बघते तर २९! पोटात गोळाच आला. मग विंडोज डॉट ओल्ड नावाचं नवं फोल्डर दिसलं. अपडेट पटलं नाही तर मागे फिरता यावं म्हणून जुनं विंडोज तिथे ठेवलेलं असतं, आणि दहा दिवसांनी ते आपोआप निघून जातं. घाई असेल तर आधीही काढता येतं. पण प्रिंटर नीट चालतोय की नाही ते मला पाहायचं होतं, म्हणून मी थांबले. प्रिंटर चालला. दोन आठवड्यांनी पट्टी बघितली तेव्हा ४१ जीबी मोकळी होती.